कपाळावरची आठी

लीलाताई फेगडे खुर्चीला टेकून कधी बसल्या नाहीत. माझ्या दवाखान्यात त्या जवळजवळ वर्षभर येत होत्या, पण दर वेळी खुर्चीच्या कडेवर बसायच्या. पर्स मांडीवर आणि उजव्या मुठीत घराच्या फाटकाची किल्ली. किल्ली पर्समध्ये का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं. "हातात असली की लक्षात राहतं, परत जायचंय," त्या म्हणाल्या.

जळगावात त्वचेची डॉक्टर म्हणून मला वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीला गजकर्ण, खरूज, कोड, उन्हाने काळवंडलेले चेहरे एवढंच असायचं. आता लोक वय घेऊन येतात. लग्नसराईच्या आधी नवरीपेक्षा नवरीच्या आईला माझी जास्त गरज पडते. तेच प्रश्न, तीच उत्तरं. काही वर्षांपासून ती उत्तरं देताना माझं माझ्याच बोलण्याकडे लक्ष नसतं. लीलाताई पहिल्यांदा आल्या ती मे महिन्यातली दुपार होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. साठी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत बाई. केस पांढरेशुभ्र. बसायच्या आधी त्यांनी पर्समधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरसमोर उभी असलेली तिशीतली तरुण बाई होती. जाड वेणी, तुकतुकीत कपाळ, हसू येऊ घातलेलं.

"असं करून द्या," लीलाताई म्हणाल्या.

"हा फोटो कोणाचा?"

"माझाच."

मी नेहमीचं सांगायला लागले. क्रीम रोज लावलं तर पाच-सहा महिन्यांनी थोडा फरक दिसतो. पीलने वरचा काळपटपणा उतरतो, पण आपल्याकडच्या उन्हात नंतर फार जपावं लागतं. लेसरने डाग फिके होतात. गालात पडलेले खड्डे भरायला फिलर असतं, आठ्यांसाठी बोटॉक्स असतं. त्या ऐकत होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"यातलं लवकर कोणतं होतं?" त्यांनी विचारलं. "मला वेळ नाही. शेजारीण यांच्याजवळ दीडच तास बसते."

तेव्हा कुठे मी समोर बसलेल्या बाईकडे नीट पाहिलं.

त्यांच्या यजमानांना सगळे नाना म्हणत. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर दोघांनी जळगावात छोटं घर बांधलं होतं. एकुलती मुलगी लग्न होऊन धुळ्याला. चार वर्षांपूर्वी नाना बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले. मग दिवस चुकू लागले, मग माणसं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आता नानांना वरणगावचे दिवस लख्ख आठवत होते, कोणत्या पाळीला कोण होतं ते सुद्धा, पण काल-परवाचं काही नाही.

"त्यांना मी आठवते, पण ही अशी," लीलाताईंनी फोटोवर बोट ठेवलं. "घरात फिरणारी म्हातारी कोणी वेगळीच वाटते. मी ताट घेऊन गेले की भिंतीला चिकटून उभे राहतात. काल शेजारणीला म्हणाले, लीलाला बोलवा, हे बाई मारीन मले."

हे सांगताना त्यांच्या आवाजात काही हललं नाही. अनेक जणांना सांगून झालेली गोष्ट माणूस जशी सांगतो, तशी त्यांनी ती सांगितली.

मी खरं तेच बोलले. कोणताही डॉक्टर तुम्हाला या फोटोसारखं करू शकणार नाही, आणि केलं तरी नाना ओळखतील असं कोणी सांगू शकणार नाही. त्यांनी फोटो उचलून पर्समध्ये ठेवला. "मला वाटलंच होतं. विचारायला काय जातं, म्हणून आले." विचारायला काय जातं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, हे मला पुढे कळलं. त्याच वाक्यावर त्यांनी वैद्य, देवऋषी, पुण्याचे मोठे डॉक्टर सगळे केले होते.

त्या दारापर्यंत गेल्या आणि मी थांबवलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. "नाना नक्की काय म्हणतात? म्हातारी म्हणतात, की आणखी काही?"

त्यांनी विचार केला. "रागीट म्हणतात. ही रागीट बाई कोण, म्हणतात. माझ्यावर कावते, म्हणतात."

"तुम्ही कावता?"

"नाही हो. मी दमलेली असते. त्यांना तो राग वाटतो."

मी त्यांना पुन्हा बसवलं, हातात आरसा दिला आणि चेहरा अगदी सैल सोडायला सांगितलं. दोन भुवयांच्या मध्ये दोन खोल उभ्या आठ्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

"सोडा चेहरा," मी म्हटलं.

"सोडलाय मी," लीलाताई म्हणाल्या आणि आरशात बघत राहिल्या.

मी त्यांना बाकी सगळं विसरायला सांगितलं. पील नको, लेसर नको, गाल भरणं नको. केस घरीच काळे करा. आणि या आठीपुरतं बोटॉक्स. भुवया आवळणारा स्नायू त्याने काही दिवसांत ढिला पडतो. तीन-चार महिने टिकतं, मग आठी परत येते. क्वचित डोकं दुखतं, सुई टोचली तिथे काळं-निळं होतं, एखाद्याची पापणी थोडी उतरते आणि मग आपोआप बरी होते. तुम्ही तरुण दिसणार नाही. फक्त रागावलेल्या दिसणार नाही.

"म्हणजे दमले तरी दिसणार नाही?"

"कपाळावर नाही दिसणार."

"मग तेवढंच करा."

त्या संध्याकाळी मी नानांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. अशा आजारात चेहरा ओळखू येत नसला तरी चेहऱ्यावरचा राग कळू शकतो, असं ते म्हणाले. करून बघायला हरकत नाही, मात्र वचन देऊ नका.

जूनच्या अखेरीला, सुया द्यायच्या दिवशी, बधिर करणारं क्रीम लावून मी त्यांना आतल्या टेबलावर आडवं केलं. ते मुरायला अर्धा तास लागतो. वीस मिनिटांनी माझी मदतनीस मंदा बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, बाई गाढ झोपल्या." मी आत जाऊन पाहिलं. तोंड किंचित उघडं होतं, मूठ वळलेलीच होती. मी आधी दुसरे दोन पेशंट तपासले. जाग आली तशा त्या धडपडून उठल्या. "किती वाजले?" तळहातावर किल्लीचा लाल वळ उमटला होता.

दोन आठवड्यांनी त्या दाखवायला आल्या. आठी जवळजवळ गेली होती, केस काळे. आरशाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ओळखलं का?" मी विचारलं.

"नाही." पर्स सारखी करत त्या म्हणाल्या, "पण आता अहोजाहो करतात. मी आत गेले की म्हणतात, या बाई, बसा. घरचे सगळे बरे आहेत ना? परवा माझ्या हातून वरणभात खाल्ला. भिंतीकडे सरकले नाहीत."

नानांना लीलाताई फॅक्टरीतल्या कोणा सोबत्याच्या घरच्या बाई वाटत. लीलाताईंनी ते नातं पत्करलं. रोज सकाळी आपली ओळख करून द्यायची, रोज खुशाली सांगायची. एकदा नाना त्यांना म्हणाले, आमच्या घरी लीला म्हणून आहे, फार कष्टाची आहे, मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. हे मला सांगताना लीलाताई थोड्या हसल्या. "पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तेही शेजारणीसारखं समोर बसून. मी म्हटलं, सांगा मग तिला. तर म्हणाले, येऊ द्या बाहेरून."

मी त्यांना दर पंधरा दिवसांनी तपासायला बोलवायला लागले. तपासण्यासारखं काही नसायचं. मंदा कपाळाला साधं क्रीम लावायची, दिवा मंद करायची, आणि लीलाताई चाळीस मिनिटं झोपायच्या. आमच्यातल्या कोणीही या गोष्टीला नाव दिलं नाही. एकदा त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं ते झोपेचं क्रीम लावायला सांगा." एरवी त्या स्वतःबद्दल बोलत नसत. घर मात्र त्यांनी तसंच ठेवलं होतं. अंगणात सडा, नानांना रोज इस्त्रीचा शर्ट. "आजार त्यांना झालाय, घराला नाही," असं म्हणायच्या. मुलीने धुळ्याला बोलावलं तर नको म्हणाल्या. नव्या घरात नानांना संडास सापडणार नाही, एवढंच कारण दिलं.

दिवाळीच्या आधी औषधाचा असर ओसरला. त्या वेळ न ठरवताच आल्या. "आठी परत आली. काल ताट भिरकावलं." मी पुन्हा सुया दिल्या, पुन्हा दोन आठवड्यांत घर शांत झालं. तिसऱ्यांदा दिल्या तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. नाना खूप वाळले होते. घास गिळताना ठसका लागायचा. लीलाताई झोपेतून उठताना आता धडपडत नव्हत्या. सावकाश उठायच्या, जणू अंग दुसऱ्या कोणाचं होतं.

होळी झाली आणि नाना गेले. छातीत कफ साठला होता, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच संपले. मला महिनाभराने कळलं, लीलाताई स्वतः आल्या तेव्हा. बरोबर धुळ्याची मुलगी होती, तिला त्यांनी बाहेर बसवलं. मुठीत किल्ली नव्हती. काळ्या केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं दिसत होतं. कपाळ गुळगुळीत होतं.

"लोक म्हणतात, मी रडले नाही," त्या म्हणाल्या.

मी उठून दार लोटून घेतलं.

"रडले हो मी. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण कपाळ हलेना. अमळनेरहून नणंद आली. माझ्या गळ्यात पडली आणि मग माझं तोंड बघून बाजूला झाली. बायांना म्हणाली, वहिनीच्या कपाळाला एक आठी नाही. केस काळे करून बसलीय. तेवढ्यात शेजारीण सांगून गेली, की मी पंधरा-पंधरा दिवसांनी चेहरा करायला जायची म्हणून."

 वीस वर्षं मी चेहऱ्यांवर काम करते. पापणी उतरेल, डोकं दुखेल, सगळं सांगितलं होतं. नवऱ्याच्या मयताला हा चेहरा लागेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. नाना जाणार, हे दोघींनाही दिसत असताना आलं नव्हतं. मी तसं म्हटलं. माझं चुकलं, म्हटलं.

"तुमचं काय चुकलं? आठी काढा म्हणून मीच आले होते."

"मग खरं सांगून टाका ना. नणंदेला तरी. हवं तर मी बोलते."

लीलाताईंनी मान हलवली. "काय सांगायचं? तुझा भाऊ स्वतःच्या बायकोला घाबरून भिंतीला चिकटायचा, म्हणून मी सुया घेत होते? सगळ्या फॅक्टरीत त्यांचा दरारा होता, डॉक्टर. बहिणीला तर ते देवासारखे. तिच्यासाठी तेच नाना राहू द्या. मला काय म्हणायचं ते म्हणू दे." मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मी हात धरून बसले होते. ओळखलं नाही. पण हात काढून नाही घेतला. न घाबरता गेले. मला तेवढंच पाहिजे होतं."

जाताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. कोणालाही सांगायचं नाही. घर भाड्याने देऊन त्या मुलीकडे धुळ्याला गेल्या. मी दोन-तीनदा फोन केला. बरी आहे, म्हणायच्या. झोप येत नाही, म्हणायच्या.

पावसाळा संपता संपता अमळनेरच्या नणंदबाई माझ्याकडे आल्या. गालांवर वांगाचे डाग होते. नाव लिहून घेताना मी ओळखलं नाही, त्यांनीच विषय काढला. "आमची वहिनी तुमच्याकडेच यायची ना? लीला फेगडे."

"कोण पेशंट येतं ते मी सांगत नाही," मी म्हटलं.

"नका सांगू." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "वहिनीने माझ्या भावाचं जेवढं केलं तेवढं पोटच्या पोरीनेही केलं नसतं. मला माहीत आहे ते. पण त्या दिवशी तिचं कपाळ बघितलं आणि माझं मन उठलं ते उठलंच. तिचे फोन येतात. मी उचलत नाही." मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि लांबलेल्या अबोल्याचा कंटाळा त्यांनाही आलेला दिसत होता. "तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही सांगा. माणसाला दुःख झालं तर कपाळाला आठी पडणार नाही का?"

बाहेर मंदा कोणाला तरी थांबायला सांगत होती. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"काही माणसांच्या नाही पडत," मी म्हटलं. "कपाळावरून काही समजू नका. त्यांचा फोन आला तर उचला."

 मग चष्मा काढून त्यांनी डाग दाखवण्यासाठी गाल दिव्याकडे केला.