पेशी जिवंत आहे का, हे आधी विचारणारे सर

दगाजीसरांना मी पहिल्यांदा भेटले ती मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन. नवापूर ते नंदुरबार, एसटीत तीस अंडी सांभाळत आले, एकही फुटू दिलं नाही! सरांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पिल्लांचे गर्भ लागतात असं कळलं होतं, आणि आमच्या नवापुरात पोल्ट्र्या काय कमी? सरांनी एक अंडं उजेडाला धरलं आणि मिश्यांत हसून आपल्या अहिराणीत म्हणाले, "बेटा, या अंडास्मां जीवच नई शे. ह्या खावाना अंडा शेतस. आपले हॅचरीना जोयजेत." आमचं घर मारवाडी जैन, किराणा दुकानाचं. अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. खाण्याचं वेगळं आणि उबवण्याचं वेगळं, हे मला कोण सांगणार? सगळी प्रयोगशाळा खो खो हसली. सरांनी मात्र त्याच दिवशी मला पीएच.डी.साठी आपली विद्यार्थिनी करून घेतलं.

सरांचं सारं संशोधन एका प्रश्नाभोवती फिरतं: पाणी शिरून पेशी फुगली की ती काय करते? तिच्या आवरणात बारीक वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. पेशी फुगली की त्या उघडतात, आतली विरघळलेली द्रव्यं बाहेर पडतात, पाठोपाठ पाणी निघतं आणि पेशी पुन्हा मापात येते. सरांना वाटे, याच वाटांनी क जीवनसत्त्वासारखी, पेशीला इजेपासून वाचवणारी अँटिऑक्सिडंटही बाहेर पडत असणार. मेंदूला सूज येते तेव्हा पेशी आपलं संरक्षण स्वतःजवळ ठेवते की शेजारणींना देऊन टाकते? अहो, केवढा प्रश्न आहे हा! मी तर त्यापायी वेडीच झाले.

पण या पेशींसाठी गर्भातून मेंदू काढायची वेळ आली आणि माझ्याने ते होईना. सरांनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि पुढची सगळी वर्षं ते काम स्वतः केलं. विभागप्रमुख असून हे का करता, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मन्हा हात बसेल शे त्यामां."

माझी शेवटची मुदतवाढ चालू होती. परिषदेत निबंध वाचल्याशिवाय प्रबंध दाखल करता येत नव्हता. अशात एका दुपारी पाण्याने पातळ केलेल्या द्रावात पेशी ठेवल्या, आणि बाहेर आलेल्या क जीवनसत्त्वाचा आकडा असा उसळला की मी ओरडलेच! सर तेव्हा पुतण्याच्या लग्नासाठी रनाळ्याला होते. मी फोनवर परिषदेला पाठवायचा सारांश वाचून दाखवला. बँडच्या गोंगाटात त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे, "धाडी दे" म्हणाले. मी धाडला, पेढेही वाटले.

सोमवारी सरांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पेशी जित्या शेतस ना?" मेलेल्या पेशीत निळा रंग शिरतो, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही. आम्ही रंग टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळंशार! द्राव मी फारच पातळ केला होता. पेशी फुगून थेट फुटल्या होत्या. वाट उघडायचं दूरच, भिंतच कोसळली होती.

"सर, कुणाला कळणार आहे?" मी रडत म्हटलं. आज लिहितानाही लाज वाटते.

"आपले कळनं ना, बेटा?"

सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी तिथेच परिषदेच्या आयोजकांना पत्र लिहिलं: निकाल चुकीचा आहे, मार्गदर्शक म्हणून मी तो तपासला नाही, दोष माझा. माझं नाव कुठेही नव्हतं. त्याच परिषदेत सरांचं व्याख्यान ठरलं होतं, आयुष्यातलं पहिलं मोठं बोलावणं. तेही त्यांनी सोडलं.

मग आम्ही स्वतःला जुंपून घेतलं. या वेळी द्राव बेताने पातळ केला. पेशी फुगल्या, निळा रंग आत शिरला नाही, आणि तरीही क जीवनसत्त्व बाहेर आलं! थोडंच, पण आलं. वाटा बंद करणारं औषध घातलं तर ते थांबलं. सरांनी टेबलावर अशी थाप मारली की बाटल्या हलल्या. "जमनं, बेटा, जमनं!"

मुदतीला नऊ दिवस उरले असताना दुसऱ्या एका परिषदेत मी निबंध वाचला. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी हात वर केला. "मॅडम, पेशी मेल्याच नव्हत्या कशावरून?" मी आधी ते निळं चित्र दाखवलं. म्हटलं, ही माझी चूक. मग शेजारी नव्या पेशींचं स्वच्छ चित्र ठेवलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून सर ताडकन उठले आणि भर सभागृहात गरजले, "नई, चूक मन्ही शे!"

प्रबंध वेळेत दाखल झाला. चूक कोणाची, हा वाद मात्र सरांच्या साठीतही मिटलेला नाही. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, म्हणजे तो आणखी चाळीस वर्षं तरी चालेल. मी हार मानणार नाही.