भागीदाराची भीड

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावातलं वकिली फर्मचं ते प्रकरण काही केल्या पिच्छा सोडत नाही. माझे वडील सांगलीहून इथल्या इंजिनाच्या कारखान्यात आले. मी इथेच वाढलो आणि जर्मन पोलिसांत, आर्थिक गुन्ह्यांच्या विभागात नोकरी केली. इथली आपली माणसं मला हक्काचा फौजदार समजायची. या प्रकरणात तेच नडलं.

एका सकाळी आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ माझ्या कचेरीत आले. मूळचे पुण्याचे इंजिनिअर, पुढे परीक्षा देऊन पेटंट वकील झालेले आणि गावातल्या एका छोट्या वकिली फर्मचे भागीदार. सोबत चकल्यांचा डबा. मी डबा परत केला, कारण इथे पोलिसाने चकलीही घ्यायची नसते. ते जरा हिरमुसले.

"साहेब, आमच्या फर्मच्या थोरल्या वकिलांशी एकदा बोलून बघाल का? केस वगैरे नको."

मी त्यांना तिथेच थांबवलं. "हे बघा, इथे गुन्ह्याचा संशय बोललात तर मला नोंद करावीच लागेल. मग ती तुम्हालाही मागे घेता येणार नाही. भागीदारांच्या बैठकीत का विचारत नाही?"

"अहो, कसं विचारणार? इथली पहिली नोकरी त्यांनी दिली, फर्ममध्ये हिस्सा त्यांनी दिला. वडिलांच्या जागी आहेत. तुम्ही आपले, म्हणून बोलतोय."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. थोरल्या वकिलांनी कारखानदारांची पेटंटची कामं मागे टाकून, इंटरनेटवर जाहिराती देऊन ग्राहकांचे नुकसानभरपाईचे दावे घ्यायला सुरुवात केली होती. दावे कोर्टात रखडले, जुने अशील गेले, तरी वर्षअखेरचा नफा मात्र पूर्वीइतकाच.

"आल्झो, म्हणजे मग पैसा येतो कुठून?" ते म्हणाले. " अशिलांनी ठेवायला दिलेले पैसे तर फिरवत नाहीत ना?"

त्या वाक्यासरशी प्रकरण माझ्या हातातून गेलं. ओळखीच्या फौजदाराने थोरल्यांना चहाला बोलवावं, चार शब्द सुनवावेत, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. इथे तशी सोय नाही. मी जबाब घेऊन सरकारी वकिलांकडे पाठवला आणि न्यायाधीशांनी झडतीचा आदेश दिला.

एक पथक फर्मवर गेलं, मी थोरल्या वकिलांच्या घरी. टेकडीवर त्यांचं मोठं घर असल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण नोंदीतला पत्ता एका बेकरीच्या वरचा निघाला. दोन खोल्या. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि तिसरी खुर्ची नव्हती म्हणून मला पलंगावर बसायला सांगितलं. दुसऱ्यांचा पैसा खाणाऱ्यांची घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्याकडे नवंकोरं स्वयंपाकघर हमखास असतं. इथे एक साधी शेगडी होती.

त्यामुळे चौकशीत मी आडवळणं घेतली नाहीत. "टेकडीवरचं घर कुठे गेलं?"

थोरले वकील म्हणाले, "विकलं. तेच पैसे फर्मची कमाई म्हणून दाखवत होतो."

"आणि अशिलांचे पैसे?"

"त्यांना हात लावलेला नाही. तपासून बघा."

आम्ही तपासलं, खरं होतं.

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"दाव्यांच्या मागे लागणं हा माझा हट्ट होता. नफा बुडाला असं दिसलं असतं तर तो इंजिनिअर निघून गेला असता. माझ्यानंतर फर्म त्याच्याच हाती द्यायची होती."

खोटे हिशेब दाखवणं हाही गुन्हाच, पण सरकारी वकिलांनी दंड भरून घेऊन प्रकरण मिटवलं. फर्म मात्र वाचली नाही. आमच्या पथकातली माणसं कागदपत्रांची खोकी बाहेर काढत असताना अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं, आणि वकिलाकडेच पोलीस शिरले म्हटल्यावर अशील कशाला थांबतील?

जप्त केलेलं सामान परत द्यायला मी स्वतः गेलो. तोवर थोरल्या वकिलांनी फाइल वाचली होती. तो आरोपीचा हक्क असतो आणि तक्रारदाराचं नाव त्यात असतंच. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"रोज माझ्यासमोर बसून जेवायचा," ते म्हणाले. "विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. मला एकट्याला ते झेपत नव्हतं. कोणीतरी विचारेल म्हणून मी वाट बघत होतो."

मी ते शब्द आमच्या गृहस्थांना जसेच्या तसे सांगितले. त्यांचे डोळे भरून आले. "मला भीड पडली हो," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "आता जाऊ का त्यांच्याकडे?"

"आजच जा," मी म्हटलं.

खोटं बोलणारी माणसं कशी ओळखायची हे मला नोकरीने शिकवलं. आदरापोटी गप्प बसलेली माणसंही घर बुडवू शकतात, हे मात्र या प्रकरणाने शिकवलं. जो प्रश्न जेवणाच्या टेबलावर सुटला असता, तो पोलिसाने विचारला. उत्तर तेच मिळालं, पण त्या उत्तराचा कोणालाच उपयोग उरला नव्हता. याचं मला फार वाईट वाटतं.

आमचे गृहस्थ त्या दिवशी गेले नाहीत, नंतरही नाही. दोघं अजून त्याच गावात राहतात. शनिवारच्या भाजीबाजारात थोरले वकील दिसले की हे मान खाली घालून दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहतात.