तीन मिलिमीटरचा इशारा

परवा रात्रभर मला झोप नव्हती. कारण मनूची शाळा. अलिबागच्या एका शाळेत शिशुवर्गासाठी तिची मुलाखत होती आणि तिथल्या मोठ्या बाई हमखास विचारतात म्हणे, "तुझी आई काय करते?" आता मनूची आई, म्हणजे मी, वाइनच्या कारखान्यात नोकरीला. बाटल्या, बुचं, लेबलं सरकारी नियमांत बसवायची हे माझं काम. आणि शाळेच्या फाटकावर ठळक बोर्ड, 'व्यसनमुक्त परिसर'! इथे नाही मिळाला प्रवेश, तर चार वर्षांच्या पोरीला रोज तासभर बसमध्ये कोंबायचं. एम.एस्सी. करून मी हे काय करून बसले, असं मला अधूनमधून वाटतंच. परवा जरा जास्त वाटलं.

कूस बदलता बदलता कामावरचे किस्सेच आठवत राहिले. आमच्याकडे वाइन मुरते टाकीत आणि किस्से साठतात बाहेर. त्यांना भरायला ठरावीक मापाची बाटली लागत नाही, हे एक बरं!

*

आमचा कारखाना नागावच्या पुढे, जांभळाच्या वाइनचा. मालक दिलीपकाका. पहिल्या लेबलासाठी त्यांनी मुंबईचा डिझायनर बोलावला. मांडव्याला बोटीतून उतरला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. लेबलही तसंच. सगळं पांढरं, मधोमध एकच जांभूळ. "मोकळी जागा बोलते," म्हणाला.

मी म्हटलं, "सुंदर! आता यात परवाना क्रमांक, अल्कोहोलचं प्रमाण, किती मिली, किंमत, कुणी भरली, कुठे भरली आणि मद्यपानाचा इशारा एवढं घाला. इशाऱ्याचं अक्षर तीन मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही."

त्याला घाम फुटला. "मॅडम, मग माझं जांभूळ कुठे?"

काका शांतपणे म्हणाले, "आत. बाटलीत!"

*

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, पट्टी असते. सवय इतकी वाईट की सासूबाईंनी पालीला नणंदेकडे पाठवायला लोणचं भरलं, तर मी बरणीवर चिठ्ठी डकवली. घटक, भरल्याची तारीख, बॅच नंबर.

सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली. "बॅच नंबर कसला गं? या घरात आल्यापासून लोणच्याला माझा एकटीचा हात लागतोय." मग जरा थांबून, "आणि सुनेला अजून जमत नाही, तेही लिही खाली. तुझ्या त्या तीन मिलिमीटरमध्ये!"

*

एकदा किनाऱ्यावरून एक पाहुणा थेट आमच्या काउंटरवर आला. पायाला वाळू, हातात पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली. "यात अर्धा लिटर भरून द्या ना. काचेचे पैसे कशाला उगाच?"

मी त्याला समजावायला लागले. वाइन सुटी देता येत नाही, इथेच भरलेली सीलबंद बाटलीच विकावी लागते, लेबल मंजूर असावं लागतं... तो हसत उभाच. "कोण बघतंय मॅडम?"

बुचं बसवणाऱ्या आमच्या शेवंतामावशी मागून कडाडल्या, "मी बघते हाय! अरे दादा, ही वाइन हाय, रॉकेल न्हाय! रेशनकार्ड आनलंस का?"

*

एक्साइजचे साहेब आले की काका देवाला नारळ बोलतात आणि मी पट्टी काढते. एकदा नवे साहेब आले. बाटली उचलली. पुढून पाहिली, मागून पाहिली, उजेडात धरली. मी मनातल्या मनात यादी चाळली. इशारा? मोजलाय. परवाना क्रमांक? घातलाय. मग बिघडलं कुठे?

"मॅडम," साहेब म्हणाले, "लेबलावरचं हे पान जांभळाचं नाही. पेरूचं आहे."

काकांनी घाबरत विचारलं, "मग साहेब, लेबल रद्द?"

"छे छे! नियमाप्रमाणे बरोबर आहे," साहेबांनी बाटली खाली ठेवली. "फक्त झाडाप्रमाणे चूक आहे."

*

पनवेलच्या एका शेटना मुलाच्या लग्नात पाहुण्यांना वाइन द्यायची होती, लेबलावर नवरा-नवरीचा फोटो छापून. मी सांगितलं, लेबल बदललं की नव्याने मंजुरी. काकांनी सुचवून पाहिलं, "मुहूर्त जरा पुढे नेता येईल का?"

लग्न लागलं. पाहुणे जेवून गेले. मंजुरी त्यानंतर सावकाश आली. शेटना फोन केला, तर म्हणाले, "आता काय उपेग? बारसा आलाय जवळ. बालाचा फोटो लावू का?"

"अहो, लहान मुलाचा फोटो वाइनवर?" मी किंचाळलेच. "आणि फोटो बदलला की पुन्हा नवी मंजुरी!"

"मंग र्‍हाऊ दे," शेट म्हणाले. "तवर त्या बालाचंच लगीन येल!"

*

तर मुलाखत. मी मनूला पढवलं होतं, "म्हणायचं, आई ऑफिसात जाते." सासूबाईंचं म्हणणं, "जांभळाचं काम करते म्हण, खोटं कुठंय त्यात?" मनूने दोघींनाही मान डोलावली होती.

बाईंनी रंग विचारले, प्राणी विचारले. मनू फटाफट. मग पुढे वाकून, "आणि तुझी आई काय करते गं?"

नवरा पंख्याकडे बघायला लागला. मी चपलांकडे.

"आई ना," मनू म्हणाली, "बाटल्यांवर लिहिते. हे पिऊ नका, तब्येत बिघडते."

बाईंचा चेहरा उजळला. "अगं बाई! व्यसनमुक्तीचं काम करता तुम्ही? मग सांगायचं नाही का आधी? असेच पालक हवेत आम्हाला!"

मी खरं सांगणारच होते. शप्पथ, तोंड उघडलंसुद्धा होतं. पण नवऱ्याने टेबलाखाली माझा पाय असा दाबला की तोंड परत मिटलं. बाईंनी पेन उचललं, टोपण काढलं.

"तरी सगळे पितातच," मनू म्हणाली. "काकांना शनिवारी विकायला बाटल्या पुरतच नाहीत!"