बुधवारचा लाल क्रूस

लाल क्रूस मी बुधवारसमोर बसवला. तो होता गुरुवारचा. क्राकोवच्या एका छापखान्यात मी पंचांगाचे खिळे जुळवायचो. क्रूस म्हणजे आज न्हाव्यानं रक्त काढायला हरकत नाही. बुधवारी मात्र चंद्र मिथुनेत होता, आणि मिथुनेच्या ताब्यात हात. त्या दिवशी हाताची शीर उघडायला नस्तर लावत नाहीत.

ओनुफ्री न्हाव्यानं लावलं. मेणबत्तीवाल्या दोरोताबाईंचा हात कोपरापर्यंत सुजला. न्हाव्यांच्या पंचांनी ओनुफ्रीच्या दारावरचं पितळी तस्त उतरवून नेलं. तस्त नाही, तर धंदा नाही. (हात तिथीनं सुजला की नस्तराच्या गंजानं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.)

चाळीस वर्षं हा माणूस भिंतीवरच्या पंचांगाला विचारून जगला. वाचता येत नव्हतं. चित्रं आणि क्रूस पाठ. लग्नही शुभ दिवस बघूनच केलेलं. "तेव्हाही छापणारा झोपलाच असणार," बायको म्हणायची.

त्यानं छापखान्यात येऊन पंचांग मालकांच्या टेबलावर आपटलं.

"हे कोणी छापलं?"

"पंचांग चुकत नाही," मालक म्हणाले. "शेजारी मिथुनेचं चित्र आहे. डोळे फुटले होते?"

"दिसलं! पण क्रूस तुम्ही दिलात. चंद्राशी मीच भांडायचं, तर तुमचं हे बाड विकत कशाला घेऊ? चूल पेटवायला?"

तो दार आदळून गेला. मालक मला म्हणाले, "ज्योतिष्यांनी हातानं लिहून दिलेला मूळ कागद जाळून टाक."

त्या कागदावर क्रूस गुरुवारसमोर होता. माझं डोकं फिरलं. स्वतःवर फिरलं असतं तर शोभलं असतं, मालकांवर फिरलं. कागद कोटात घालून मी थेट पंचांकडे गेलो. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्यातल्या दोघांनीही बुधवारीच शिरा उघडल्या होत्या! त्यांची तस्तं मात्र जागच्या जागी.

ओनुफ्रीचं तस्त परत आलं. माझी नोकरी गेली.

तो स्टुलावर चढून तस्त टांगत होता, तेव्हा मी सांगून टाकलं, "काका, तो क्रूस मी बसवला."

"तू? गाढवा!" हात उगारलाच त्यानं. मग थांबला. "आज चंद्र कुठं?"

"मेषेत."

"मेष म्हणजे डोकं. आज नको." दात खात त्यानं हात खाली घेतला. "परवा ये. दोन ठेवून देतो."

त्या दोन थपडा अजून बाकी आहेत. दाढीला मी ओनुफ्रीकाकांकडेच जातो. फक्त चंद्र मेषेत असताना.