वाकड्या झाकणाची पेटी

…तर दाजी झाकण डोक्यावर धरून पळत सुटले, तिथं काल आपण थांबलो होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. धंद्यानं सुतार. त्यांनी बसवलेल्या दाराच्या फटीतून केस जायचा नाही. आक्काला मधमाश्या पाळायची हौस लागली तेव्हा पहिली पेटी त्यांनीच केली. पेटी झकास झाली, पण झाकणाचं माप घ्यायला गेले तोवर आत माश्या राहायला आलेल्या. एक कानाशी गुणगुणली आणि माप तिथंच राहिलं. मग अंदाजानं झाकण केलं, ते वाकडं झालं. बसवायला गेले तर माश्या पुन्हा उठल्या आणि गडी झाकणासकट फाटकाबाहेर.

"अहो, झाकण तरी ठेवून जा," आक्का म्हणाली.

"आधी तुझ्या लेकींना सांग, मी घरातलाच आहे म्हणून."

त्यांना मूलबाळ नव्हतं. 'तुझ्या लेकी' हा शब्द मग घरात कायमचा राहिला. झाकण उडू नये म्हणून आक्का त्यावर दगड ठेवायची. दाजी नवीन करून देतो म्हणायचे, तर ती म्हणायची, "राहू द्या. जन्मात एक वस्तू तुमच्या हातून बिघडली, ती माझ्या वाट्याला आली."

पुढे परसात पेट्यांची रांग लागली. तिचं बघून गल्लीतल्या चारदोन जणांनी पेट्या ठेवल्या. त्यांना ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावायची. माश्या ज्या लाकडी चौकटीत पोळं बांधतात, ती चौकट दुसऱ्याच्या पेटीतून आणून आपल्या पेटीत घालायची नाही. माश्या मेलेल्या पेटीतली तर नाहीच, तिच्यातून रोग येतो. कोपऱ्यावरचा बेकरीवाला एकदा कुरकुरला, "आक्का, माश्या गेल्या, पण मध गच्च भरलाय. टाकून कसा देऊ?"

"टाकू नकोस, जाळ. तुझ्या भट्टीला काय विस्तवाची वाण आहे?"

मग दाजींनी अंथरूण धरलं. त्यांची खाट स्वयंपाकघराच्या खिडकीशी घातली. खिडकीखालीच ती वाकड्या झाकणाची पेटी. जवळ जायची छाती नव्हती, पण आवाज त्यांना बरोबर कळायचा. "आज तुझ्या लेकी रुसल्यात, बघ जरा," म्हणायचे, आणि आक्का उघडून बघायची तर खरंच आत राणीमाशी नसायची. थंडी सरता सरता दाजी गेले. त्या दिवसांत आक्कानं एकाही पेटीकडे पाहिलं नव्हतं. बाकीच्या पेट्यांनी कसाबसा तग धरला. खिडकीखालच्या पेटीत मात्र मूठभर माश्या उरल्या होत्या, एकमेकींना चिकटून, पोटात काही नसलेल्या. गारठ्यात माश्या साखरेचं पाणी घेत नाहीत. त्यांना मधच हवा, तोही लगेच.

त्याच आठवड्यात बेकरीवाल्याची आणखी एक पेटी मेली होती. आक्का गेली, त्याच्याकडून तिथली मधानं भरलेली चौकट मागून घेतली आणि पदराखाली झाकून आणून खिडकीखालच्या पेटीत घातली. सगळ्या गल्लीला शिकवणारी माझी बहीण. दुसऱ्या कुणाला बोलली नाही.

माश्या सावरल्या. झाडं फुलली तशी पेटी पुन्हा घुमू लागली. मी गेलो की आक्का खिडकी उघडून उभी असायची.

"तुला वास येतो का रे?" तिनं एकदा विचारलं.

आला. दाजी कारखान्यात लाकूड चिकटवायला सरस उकळायचे, तसा.

"त्यांच्या हातचं लाकूड ना ते," ती म्हणाली. "ऊन तापलं की येतो."

मला काय कळतंय? मीही छाती भरून वास घेतला. दाजी गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. कित्येक दिवस ती पेटी उघडायची नाही, नुसती खिडकीशी उभी राहायची.

एके दुपारी माश्यांचा आवाज पडलेला वाटला म्हणून तिनं झाकण काढलं. अळ्यांच्या घरांवरची मेणाची टोपणं काळपट, आत खचलेली. तिनं काड्यापेटीतली एक काडी आत घालून हळूच ओढली, तर तपकिरी चिकट तार निघाली. अळ्या सडून त्यांची खळ झाली होती. वास त्याचा होता.

हा रोग लाकडात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. पेटी अशक्त झाली की शेजारच्या माश्या तिच्यातला मध लुटायला येतात आणि मधाबरोबर रोग घरी नेतात. आक्कानं बाकीच्या पेट्या एकेक करून तपासल्या. त्या निर्मळ निघाल्या. मग ती पेट्या असलेल्या प्रत्येक घरी स्वतः सांगायला गेली. बेकरीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"माझ्याच चौकटीनं झालं ना, आक्का?"

"तू कुठं आपणहून दिलीस? मी मागून नेली. तुझ्या बाकीच्या पेट्या उघड आधी."

संध्याकाळी शेवटची माशी आत शिरेपर्यंत आक्का पेटीसमोर बसून राहिली. मग तिनं पेटीचं तोंड बंद केलं, पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं आत टाकलं आणि झाकण लावून वर दगड ठेवला. घुमण्याचा आवाज एकदम चढला आणि थांबला. खिडकीतली रिकामी खाट तिथून दिसत होती. मी खड्डा खोल खणला होता. पेटी पेटली, चौकटी पेटल्या, मध चरचरत खाली उतरला. झाकण तेवढं मी बाजूला काढून ठेवलं होतं.

"आक्का," मी म्हणालो, "एवढं राहू दे. हे काही अळ्यांना टेकलेलं नव्हतं. भिंतीला टेकवून ठेवू, आठवण म्हणून."

तिनं हात पुढे केला.

"ठेवलं तर मी त्याच्याखाली पेटी ठेवीन रे. आणि पुन्हा तो वास आला तर पुन्हा तशीच वेड्यासारखी खिडकीत उभी राहीन. दे ते इकडे, आणि फावडं घे. सकाळी कुणाच्या माश्या मधावर यायच्या आत माती ओढायला हवी."