बाबांनी टाकलेली नावं

आमच्या घरात पितरांची नावं कागदावर लिहीत नसत. बाबांचं म्हणणं असं, की कागदावर उतरलेला माणूस एक दिवस रद्दीत जातो. म्हणून धारच्या घरी पितृपक्षात ते पिंडदानाला बसले की सगळी नावं तोंडपाठ घेत. आजे, पणजे, मावश्या, घर सोडून गेलेला एक काका, सासुरवाडीची माणसं. शेवटी बोराएवढा भाताचा गोळा बाजूला ठेवत आणि काहीतरी पुटपुटत. तो मुंग्यांसाठी असावा, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

मग एका वर्षी बाबा मधेच अडकले. एका आत्याचं नाव आठवेना. गुरुजी थांबून राहिले, आणि बाबा शेवटी नुसतं "आत्या" म्हणून पुढे गेले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मी एकुलती एक. आईला सासरची चार-पाच नावं ठाऊक, बास. बाबांच्या मागे ही सगळी माणसं कोण सांगणार, याची धास्ती तेव्हापासून आम्हा दोघांनाही लागली.

मी देवासला एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. त्यांना म्हटलं, कॉम्प्युटर म्हणजे काही कागद नव्हे. त्यांना पटलं, की त्यांनी पटवून घेतलं, कोण जाणे. माझा जुना लॅपटॉप त्यांच्यापाशी ठेवला आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करायचा, मग नाव आणि नातं टाकत जायचं. स्क्रिप्ट ती क्रमानं लावून एका टेक्स्ट फाईलमध्ये ठेवणार.

स्क्रिप्टचं लिहिणं फाईलमध्ये पाठवायला > अशी बाणासारखी खूण लागते. दोन बाण दिले तर नवा मजकूर जुन्याच्या खाली जाऊन बसतो. एकच दिला तर आधीचं सगळं पुसलं जातं आणि नवं तेवढं राहतं. मला इंदूरची बस गाठायची होती. मी एकच दिला.

पुढे बरेच दिवस बाबा रोज दुपारी बसत. एकदा फोनवर म्हणाले, "मी तर रोज टाकतो बेटा, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही. जातात कुठे सगळे?"

"फाईलमध्ये जातात बाबा. निर्धास्त राहा."

ते निर्धास्त राहिले. मी एकदाही फाईल उघडून पाहिली नाही. ऑफिसात नवीन लोकांना मी नेमकं यावरूनच झापते. मग एक दिवस ते म्हणाले, झालं, संपले सगळे. त्यानंतर काही महिन्यांत ते गेले.

आईला मी देवासला आणलं. वर्षश्राद्धानंतरचा पहिला पितृपक्ष आला. गुरुजी म्हणाले, मुलगी बसली तरी हरकत नाही, फक्त नावं काढून ठेवा. तेव्हा मी ती फाईल उघडली. तिच्यात एकच ओळ होती.

नाव माझं होतं. नातं, मुलगी.

मला वाटलं, शेवटी त्यांचं डोकं चालेनासं झालं आणि त्यांनी मला मेलेल्यांत बसवलं. मग त्याहून वाईट वाटलं, की त्यांना काही कळलं असेल. दोन दिवस मी रस्तासुद्धा जपून ओलांडत होते. तिसऱ्या दिवशी स्क्रिप्ट उघडली आणि तो एकटा बाण दिसला. ऑफिसातल्या जाणकाराला लॅपटॉप दाखवला. तो म्हणाला, "दीदी, इसमें अब कुछ नहीं मिलेगा."

म्हणजे बाबा रोज दुपारी, एकेक नाव आठवून, आदल्या दिवशीची माणसं स्वतःच्या हातानं पुसत होते. आणि मी त्यांना निर्धास्त राहा म्हणत होते. आजही एखादी कमांड पडद्यावर काहीच न दाखवता संपली, की मला त्यांचा आवाज येतो. जातात कुठे सगळे? मी तिथून उठून जाते.

ती ओळ मी आईला वाचून दाखवली. तिनं पदराला हात पुसले.

"ती तू नाहीस," ती म्हणाली. "तुझ्या आधीची. अठरा दिवसांची होऊन गेली. तिचंच नाव तुला ठेवायचं, हा यांचा हट्ट. एवढ्याशा जिवाचं श्राद्ध नसतं ग. म्हणून ते तिचा गोळा बाजूला ठेवायचे."

सगळी माणसं घालून झाल्यावर, अगदी शेवटच्या दुपारी, त्यांनी तिला एकटीला घातलं होतं.

श्राद्धाला मी बाबांचं नाव घेतलं, आईला आठवली तेवढी घेतली. बाकीच्यांना गुरुजींनी ज्ञात-अज्ञात म्हणून एकाच पिंडात बसवलं. त्यांची तोंडं माझ्याकडे वळलेली आहेत असं मला सारखं वाटत होतं. शेवटी मी बोराएवढा गोळा बाजूला ठेवला. गुरुजींनी विचारलं, हा कोणाचा? मी माझं नाव सांगितलं.

"ताई, स्वतःचं नाही. जिला द्यायचा, तिचं नाव सांगा."

मी पुन्हा तेच सांगितलं.