मधला घेर

कालिंदीकाकू नवऱ्याच्या बदलीमुळे कोलकात्यात, बेहाला भागात राहायला आल्या, तेव्हा घरमालकिणीने त्यांना दोन कोलबालिश दिले. म्हणजे कुशीत घेऊन झोपायच्या लांब, गोल उशा. काकूंनी ते लोड समजून भिंतीशी मांडले आणि आल्यागेल्याला टेकायला दिले. घरमालकीण पोट धरून हसली. इथे आलेल्या आम्हा मराठी बायकांची ही ठरलेली चूक. मीही केली होती, फक्त मला कुणी पाहिलं नाही.

दुसरी फजिती अभ्र्याची. उशी आठ इंच जाड, म्हणून साध्या उशीसारखं दोन्ही बाजूंचं मिळून काकूंनी सोळा इंच कापड धरलं. अभ्रा चढेचना. त्यांचे यजमान श्रीकांतकाका बँकेत होते, पण गोल वस्तू दिसली की त्यांच्यातला मास्तर जागा व्हायचा. त्यांनी कॅलेंडरचं पान गुंडाळून दाखवलं.

"हे उलगडलं की आयत. एक बाजू उशीची लांबी, दुसरी तिचा घेर. घेर जाडीच्या तिपटीहून थोडा जास्त. टोकांना दोन गोल लाव, झालं. आणि उशी कुठेही आडवी काप, तोच गोल मिळणार."

"मग कापड फुकट जायच्या आधी बोलायचं होतं!" म्हणत काकूंनी पंचवीस इंच कापलं, शिलाईचं वेगळं. पुढे आमच्या सगळ्यांचे अभ्रे त्यांनीच शिवले.

निवृत्तीनंतरही ते दोघं इथेच राहिले. कंबर धरायला लागल्यापासून काका त्यातलीच एक उशी कवटाळून झोपायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या हाताच्या जागी उशी मधोमध बारीक झाली होती आणि काकू तिथेच हात ठेवून झोपायला लागल्या.

"मध्ये घेर चार इंच कमी भरतो," त्या मला म्हणाल्या. "यांचा नियम यांनीच मोडला." आधी हसल्या, मग रडल्या.

थंडीत गल्लीत पिंजारी आला. काकूंच्या लेकीने, नूपुरने विचारलं, "आई, उशी पिंजून घेऊ?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. मनातलं सांगतील तर शपथ! नूपुरला वाटलं, आईला पसारा नको असेल. काकू माझ्याकडे संक्रांतीच्या तिळगुळाला आल्या, तेवढ्यात तिने पिंजाऱ्याला वर बोलावलं.

काकूंना पोचवायला मीही गेले होते. पलंगावर उशी टुमटुमीत होऊन बसली होती.

"आई, देख ना, एकदम नवीन!" नूपुर आनंदाने म्हणाली.

काकूंनी टेप काढली. या टोकाला पंचवीस, त्या टोकाला पंचवीस. मध्ये त्यांनी दोनदा मोजलं. पंचवीसच. अभ्र्यावर एक चुणी नव्हती.

"चुकलं का गं काही?" नूपुरचा चेहरा उतरला.

"नाही बाळा. मापात बसली."

मग त्यांनी उशी उचलली, बाहेरच्या खोलीत नेली आणि पाहुण्यांना टेकायला म्हणून भिंतीशी मांडून ठेवली.